असा महिना नाही

"अतो झेलेके, आपल्या आदिसमध्ये पागुमेत बायका बाळंतच होत नाहीत का?"

हा प्रश्न मी विचारला. भर सभागृहात, आदिस शहरातल्या बावन्न शाळांच्या मुख्याध्यापकांसमोर, माईक हातात धरून. पैज दोन सांबुशांची होती, म्हणजे आमच्याकडच्या डाळीच्या समोशांची. माझी मैत्रीण ब्रुकताविट म्हणाली होती, "तू नाहीच विचारणार, मेकलीत. तुझा आवाज फक्त आमच्यासमोर निघतो." आणि दुसरी मैत्रीण सोस्ना म्हणाली होती, "विचारलंच तरी 'बाळंत' म्हणायच्या आधी लाजून मरेल ती." म्हणून मी तो शब्द जरा जास्तच ठासून म्हटला. गेल्या वर्षीची मी असते तर खुर्चीखाली गेले असते. यंदाची मी निराळी आहे. मला स्वतःलाच अजून तिची सवय व्हायची आहे, पण आवडते ती मला.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुख्याध्यापकांना ठसका लागला. आम्हा मुलींना सोबत घेऊन आलेल्या आमच्या मुख्याध्यापिका, वेझेरो म्हणजे श्रीमती यशिमेबेत, यांनी डोळे मिटून घेतले. आणि व्यासपीठावर अतो झेलेके हातातला लाल दिव्याचा दांडा तसाच धरून उभे राहिले. लाल ठिपका छतावर थरथरत होता.

अतो म्हणजे श्रीयुत, आणि अतो झेलेके म्हणजे ब्रुह नोंदणी केंद्राचे संचालक. बारावीच्या मोठ्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांची नोंदणी यंदापासून त्यांच्या केंद्राकडे आहे. निळा सूट, चकचकीत बूट, आणि दर तिसऱ्या शब्दाला 'थेट'. शाळेतून थेट, क्षणात थेट, कोठारात थेट. तासभर ते हेच सांगत होते. शाळेच्या खिडकीत कारकुनाने बटण दाबलं की मुलाचा संदेश रांगेत उभा राहतो, रांगेतून वाहत वाहत डेटाच्या कोठारात जातो, आणि त्या कोठारातून परीक्षेची यादी निघते. मागच्या पडद्यावर हिरव्या रेघा नदीसारख्या वाहत होत्या. कोपऱ्यात मोठा आकडा होता, शंभर टक्के. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या होत्या. पडद्याशेजारी केंद्राचं कॅलेंडर टांगलं होतं, धबधब्याचं चित्र आणि वर सोनेरी अक्षरात 'तेरा महिन्यांचं ऊन'. तेरा! मी ते वाचलं आणि मला हसू आवरेना. खरं सांगायचं तर माईक मी सांबुशांसाठी नाही, त्या कॅलेंडरसाठी मागितला.

कारण पाच दिवसांपूर्वी परीक्षेची यादी आमच्या शाळेच्या भिंतीवर लागली होती, आणि तिच्यात माझं नाव नव्हतं. मी तीन वेळा वाचली. बोट लावून वाचली. ब्रुकताविटने वाचली, मग सोस्नाने खालून वर वाचली, जणू मी तळातून चढून वर येणार होते. एकूण तीन नावं गायब होती, माझं, ब वर्गातल्या अबेनेझेरचं आणि कायम ग्रंथालयात सापडणाऱ्या फ्रेहिवोतचं. आम्ही तिघं खिडकीशी गेलो. तिथल्या कारकूनबाईंनी संगणक आमच्याकडे वळवून दाखवला. तिघांच्याही नावापुढे हिरवी खूण होती.

"गेलंय बघ," त्या म्हणाल्या. "हिरवं आहे म्हणजे गेलं."

"कुठे गेलं?"

"ते मला काय माहीत? माझ्याकडून गेलं."

ही हिरवी खूण मी त्या दिवसापासून ओळखून आहे. आपल्या हातून सुटलं की झालं, पुढे विहिरीत पडो की चुलीत, असं मानणाऱ्या माणसांनी ती शोधून काढली आहे. पण कोडं सोस्नाने सोडवलं. सोस्ना सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवते, भेटी उकळण्यासाठी. ती म्हणाली, "अगं, तुम्ही तिघंही पागुमेवाले!"

पागुमे म्हणजे वर्षाच्या शेपटाला लावलेला आमचा तेरावा महिना. पाच दिवसांचा, दर चौथ्या वर्षी सहा. मी तीन तारखेची, म्हणजे रुफाएलच्या दिवसाची, ज्या दिवशी पडणारं पाणी पवित्र म्हणून सगळ्या गल्लीतली पोरं अंगणात भिजत असतात. अबेनेझेर एक तारखेचा. फ्रेहिवोत पाचची, आणखी काही तास थांबली असती तर नव्या वर्षाची झाली असती. पण पुस्तक सोडून कुठे वेळेवर पोचलीय ती?

तर सभागृहात. अतो झेलेकेंनी दांडा खाली केला आणि हसले. मोठी माणसं लहानांवर हसतात तसं, दात न दाखवता.

"छान! मुलगी विनोदी आहे. नाव काय बेटा तुझं?"

"मेकलीत गेताहुन. पण तुमच्या यादीत नाही सापडणार."

"यादीत नाही म्हणजे शाळेने पाठवलं नसेल."

"शाळेने पाठवलं. हिरवी खूण आहे."

"मग पोचलं. आमच्याकडे शंभर टक्के संदेश पोचतात."

"मी पोचले तर मी आहे कुठे?"

आता मागचे लोक उघड हसायला लागले. एक मुख्याध्यापक म्हणाले, "आमच्याकडचीही चार मुलं गायब आहेत, अतो झेलेके." दुसरे म्हणाले, "आमची सहा." वेझेरो यशिमेबेतनी एक डोळा उघडला.

"ही तांत्रिक बाब आहे," अतो झेलेके म्हणाले.

हे वाक्य ऐकून ठेवा. मोठा माणूस हरायला लागला की त्याची बाब तांत्रिक होते. माझ्या अबायेंचंही तसंच आहे. अबाये म्हणजे माझे वडील, बसच्या आगारात वेळापत्रकं आखतात. बस चुकली की ते म्हणतात, वाहतुकीची बाब आहे.

"चहाची सुट्टी घेऊ या," अतो झेलेके घाईने म्हणाले. "मस्तावेत, या मुलीला जरा खाली ने आणि समजावून सांग."

ब्रुकताविटने जाताजाता माझ्या पाठीत गुद्दा घातला. "तीन सांबुसे," ती कुजबुजली. "तिसरा 'मी पोचले तर'साठी."

मस्तावेत ही तिथली अभियंता. तिशीची, केस वर बांधलेले, हातात थंड झालेल्या माकियातो कॉफीचा पेला. तिची खोली तळघरात होती, खिडकीच्या जागी पंखा. मला वाटलं होतं डेटाचं कोठार म्हणजे काहीतरी भव्य दिसेल. तिथे एक टेबल, दोन पडदे आणि सुकलेलं रोपटं होतं.

"कोठार इथे नाहीये," ती म्हणाली. "ते लांब कुठेतरी भाड्याचं आहे. इथे नुसता माझा संताप असतो."

ती मला आवडायला लागली, आणि हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे आवडेनाशी झाली.

"मेगेनान्याच्या चौकात मिनीबसची रांग पाहिलीस ना?" ती म्हणाली. "तशी ही रांग. शाळांचे संदेश तिच्यात येऊन उभे राहतात. हा माझा प्रोग्राम म्हणजे वयाला."

वयाला म्हणजे मिनीबसच्या दारात लटकून ओरडणारा पोऱ्या. मी म्हटलं, "मग हा ओरडतो का?"

"ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पुढचा माणूस घेतो, त्याची तारीख, शाळा, नाव वाचतो, आपली तारीख बाहेरच्या जगाच्या तारखेत बदलतो आणि कोठारात त्याच्या फळीवर नेऊन ठेवतो. मग रांगेला सांगतो, हा झाला, पुढचा पाठव."

"आणि एखाद्याचं काही कळलंच नाही तर?"

"तर त्याला बाजूच्या पेटीत टाकतो."

"आणि रांगेला काय सांगतो?"

"झाला म्हणून."

"म्हणजे खोटं बोलतो!"

"अगं, तसं केलं नाही तर तो एकटा रांगेच्या तोंडाशी अडून बसेल. वयाला त्यालाच पुन्हा पुन्हा उचलेल, त्याचं काही समजणार नाही, आणि मागचे हजारो खोळंबतील. म्हणून कळत नाही त्याला बाजूला काढायचं आणि मग माणसाने येऊन पेटी उघडून बघायचं, बाबा तुझं काय अडलंय?"

हे मला पटलं. पटायला नको होतं, मी भांडायला आले होते, पण पटलं. पेटीत काही वाईट नाही. आमची एमाये, म्हणजे आई, तीही शिरोची, म्हणजे आमच्या पिठल्याची, डाळ निवडताना संशयाचे दाणे बाजूला वाटीत टाकते. पण नंतर वाटी घेऊन बसते आणि एकेक दाणा बघते. म्हणून मी विचारलं, "मग ही पेटी कोण उघडतं?"

मस्तावेतने माकियातोचा घोट घेतला. थंड होता, तोंड वाकडं केलं.

"कुणी नाही. वरच्या पडद्यावर फक्त रांग दिसते. रांग रिकामी झाली की शंभर टक्के."

बावन्न शाळांना बोलावून, हिरव्या नद्या वाहवून, ज्या आकड्यावर टाळ्या घेतल्या तो आकडा एवढंच सांगत होता की दारात आता कुणी उभं नाही. आत घेतलं की उकिरड्यावर टाकलं, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं! आमच्या गल्लीतला लंगडा कुत्रासुद्धा कोण घरात शिरलं याचा याहून चांगला हिशेब ठेवतो.

"उघडा," मी म्हटलं.

"काय?"

"पेटी. आत्ता."

तिने उघडली. दोनशे एकोणीस संदेश होते. पडद्यावर एकाखाली एक ओळी. नाव, वडिलांचं नाव, शाळा, तारीख, आणि शेवटी कारण. तारखेत सगळीकडे मधला आकडा तेरा. आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच वाक्य, दोनशे एकोणीस वेळा, असा महिना नाही. असा महिना नाही. असा महिना नाही.

एकशे सत्तेचाळिसावी ओळ माझी होती. मेकलीत गेताहुन, तीन, तेरा, आणि वर्ष. असा महिना नाही.

मला रडू आलं का? नाही. राग आला आणि मग हसू आलं आणि मग पुन्हा राग. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, पण आमच्याकडे तो सुकाळातही दरवर्षी न चुकता येतो, आणि या तळघरातल्या यंत्राला त्याचा पत्ताच नाही.

"हा प्रोग्राम परदेशातून आणलात का?" मी विचारलं. "त्यांना आपलं पंचांग माहीत नसेल."

मस्तावेत पहिल्यांदा मनापासून हसली. "परदेशातून आणला असता तर त्यांनी आधी शंभर प्रश्न विचारले असते. तारीख बदलायचा तुकडा इथलाच आहे, अस्सल आदिसचा. अतो झेलेकेंनी स्वतः लिहिलेला, बारा वर्षांपूर्वी, पगाराच्या प्रोग्रामसाठी."

आधी मला कळलं नाही. मग कळलं आणि मी टेबलावर हात आपटला, रोपटं हाललं.

पगारदाराच्या घरात वाढलेल्या कुठल्याही पोराला हे माहीत आहे. पगार बारा महिन्यांचे मिळतात. पागुमेला पगार नाही. ते पाच दिवस माणूस फुकट काम करतो आणि उसनं हसतो. अबाये दरवर्षी पागुमे लागला की तोच विनोद करतात, "आजपासून मी देशाला दान." तर पगाराच्या प्रोग्रामला तेरावा महिना कशाला हवा? त्यात महिना बाराच्या पुढे गेला की चूक. तिथे ते बरोबरच होतं. तो तुकडा या बहाद्दराने उचलला आणि माणसांच्या जन्माला लावला. ज्या दिवसांचा पगार नाही त्या दिवशी जन्मायचंही नाही!

"मी सांगितलं होतं त्यांना," मस्तावेत म्हणाली. "चाचणी करा म्हटलं. ते म्हणाले, माझा तुकडा बारा वर्षं एकदाही अडला नाही, त्याची कसली चाचणी?"

"दुरुस्त करायला किती वेळ लागेल?"

"एक ओळ. बाराच्या जागी तेरा, आणि तेराव्याला दिवस पाच की सहा ते बघायचं. मग ही पेटी पुन्हा रांगेत ओतायची. पंधरा मिनिटं धर."

"मग करा ना!"

"त्यांची सही लागते. मी दोनदा लिहून दिलंय. दोन्ही वेळा म्हणाले, परीक्षेनंतर बघू."

"परीक्षेनंतर?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं? आम्ही दोनशे एकोणीस जण इथे पडलोय हे?"

तिने पेल्यातला आणखी एक थंड घोट घेतला. इथे ती मला आवडेनाशी झाली. अतो झेलेकेंसारख्या माणसाचा राग करणं सोपं असतं, तो तुमच्या रागासाठीच सूट घालून आलेला असतो. पण जिला सगळं कळतं, जिच्या हातात ती एक ओळ आहे, आणि जी थंड कॉफी पीत परीक्षेनंतरची वाट बघते, तिचं काय करायचं?

तेवढ्यात अतो झेलेके आत आले. हातात कागदांचा गठ्ठा होता.

"समजलं ना बेटा? काही काळजी करू नकोस. आम्ही उपाय केलेला आहे." त्यांनी वरचा कागद मला दिला.

मी वाचला. 'मी खाली सही करणारा पालक असं लिहून देतो की माझ्या पाल्याची जन्मतारीख मस्करम महिन्याची एक तारीख समजण्यात यावी.' मस्करमची एक म्हणजे आमचा नव्या वर्षाचा दिवस. खाली पालकाची सही, विद्यार्थ्याची सही.

कागद छापलेले होते. गठ्ठा जाडजूड होता, दोनशे एकोणीस असावेतच. म्हणजे सभागृहात माझ्याकडे बघून 'शाळेने पाठवलं नसेल' म्हणणाऱ्या या माणसाने आमचे कागद आधीच छापून ठेवले होते.

"म्हणजे तुम्ही एक ओळ बदलणार नाही," मी म्हटलं, "पण दोनशे एकोणीस माणसांचे जन्म बदलणार?"

"अगं, दोन-चार दिवसांचा फरक. त्यात काय एवढं? उलट नव्या वर्षाचा वाढदिवस मिळतोय!"

"माझ्या ओळखपत्रावर पागुमे आहे. मस्करम लावलात तर महिनाच नाही, वर्षही पुढचं येईल. परीक्षेच्या दारातला पहारेकरी ओळखपत्र आणि यादी शेजारी धरून बघतो. तो मला आत सोडेल?"

"दारात काही अडलं तर मी आहे ना."

"कुठल्या दारात? परीक्षा एकवीस ठिकाणी आहे."

मस्तावेत खोकली. खोकली की हसली ते कळलं नाही. अतो झेलेकेंचा चेहरा गोडवा टिकवता टिकवता थकला.

"हे बघ, यादी शुक्रवारी संध्याकाळी बंद होते. कागद आणलास तर बसशील. नाही आणलास तर पुढच्या वर्षी बस. तुमच्या शाळेतला तो दुसरा मुलगा, अबेनेझेर, तो समजूतदार आहे. त्याचे काका आलेत, त्यांनी वर सभागृहात लगेच सही केली."

समजूतदार! अबेनेझेरला मी सहावीपासून ओळखते. फुटबॉलमध्ये स्वतःच्याच बाजूला गोल करूनही तो 'चालेल' म्हणतो.

मी कागद घेतला. घडी घातली आणि खिशात टाकली. अतो झेलेकेंना वाटलं झालं. त्यांच्या मनात माझ्या नावापुढे हिरवी खूण उमटलेली मला स्पष्ट दिसली.

ते गेल्यावर मस्तावेत जिन्यापर्यंत माझ्यामागे आली. "ऐक," ती म्हणाली, "अजून एक कागद असतो. कुणी मागत नाही म्हणून कुणाला माहीत नाही. पालकाने लेखी तक्रार दिली तर केंद्राला चोवीस तासांत दुरुस्ती करावी लागते, नाहीतर का केली नाही ते परीक्षा मंडळाला लिहून कळवावं लागतं. कंत्राटातच आहे ते. तसं झालं तर त्यांना सही करावीच लागेल. मंडळापुढे ते काय लिहिणार, पागुमे नाही म्हणून?"

"मग आजवर कुणी दिली का नाही?"

"सगळे तो पहिला कागद घेऊन जातात. सोपा असतो. आणि हे लक्षात ठेव, पहिल्यावर सही केलीस तर तक्रार करता येणार नाही. तारीख तूच बदलून दिलीस असं होतं."

"आणि तक्रार देऊनही त्यांनी शुक्रवारपर्यंत काही केलं नाही तर?"

"तर तुझं वर्ष गेलं," ती म्हणाली. "तू लहान आहेस अजून. नोकरी करायला लागलीस की कळेल."

"तुमच्या कागदाने तर मी आणखी एका वर्षाने लहान होणार आहे," मी म्हटलं. "तेव्हा मला कधीच कळणार नाही."

ती वळून खाली गेली आणि दोन मिनिटांनी तक्रारीचा कोरा अर्ज घेऊन वर आली. तिच्या हातावर धूळ होती. कुठल्या तरी कपाटाच्या तळातून काढला असणार. म्हटलं ना, आवडेनाशी झाली. पण पूर्ण नाही.

संध्याकाळी मी दोन्ही कागद मेसोबशेजारी, म्हणजे आम्ही जिच्याभोवती बसून जेवतो त्या विणलेल्या उंच टोपलीशेजारी, ठेवले. अबाये हात धुऊन बसले होते, एमाये इंजेराची मोठी आंबोळी उलगडत होती. मी सगळं सांगितलं. हातवारे करून सांगितलं, अतो झेलेकेंचा आवाज काढून, छतावरच्या थरथरत्या ठिपक्यासकट. एमाये हसली. अबाये हसले नाहीत. त्यांनी मस्करमचा कागद उचलला आणि खिशातलं पेन काढलं.

"अबाये!"

"अगं, शुक्रवार दोन दिवसांवर आहे. बारा वर्षं शिकलीस ती एका तारखेसाठी घालवायची? साहेब स्वतः म्हणतोय दारात बघून घेतो."

"एकवीस दारं आहेत."

"साहेबांशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? आणि खरं सांगू का, पागुमे काही खरा महिना नाहीच. वर्ष संपल्यावर उरलेली शिल्लक आहे ती. मी अठ्ठावीस वर्षं त्या पाच दिवसांत राबतोय, मला कुणी कधी काही दिलं? मी भांडलो?"

"नाही भांडलात," मी म्हटलं. "म्हणूनच तो तुकडा बारा वर्षं कुठे अडला नाही."

हे जरा जास्त झालं. मलाही कळलं. अबायेंचं पेन कागदावर टेकायचं थांबलं आणि ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी दुसऱ्याच कुणाच्या घरची आहे. मी माफी मागणार होते. पण एमायेने इंजेराचा तुकडा खाली ठेवला.

"शिल्लक?" ती म्हणाली. "गेताहुन, शिल्लक?"

"अगं, मी आपलं—"

"दोन दिवस कळा देत होते मी. बाहेर रुफाएलचं पाणी कोसळत होतं, गल्लीतली पोरं नागडी नाचत होती आणि तुम्ही दवाखान्याच्या छपराखाली उभं राहून ओरडत होतात, पवित्र दिवशी आली, पवित्र दिवशी आली! तेव्हा नव्हती शिल्लक?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? पोर तीच आहे."

अबायेंनी पेन हातातल्या हातात फिरवलं. त्यांना मी परीक्षेला बसायला हवी होते, बस्स. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही तोच कागद उचलला असता, आणि हे मला अजिबात कबूल करायचं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी यादी बंद झाली आणि माझं नाव आलं नाही, तर ब्रुकताविट आणि सोस्ना परीक्षेला जातील आणि मी एक वर्ष घरी बसून डाळ निवडेन. हे मला माहीत होतं. सांबुसेसुद्धा मी दोनच खाल्ले होते.

तरी मी उठून उभी राहिले. आमच्याकडे जेवताना कुणी उभं राहत नाही.

"अबाये, एमाये," मी म्हटलं, "मी मस्करमच्या कागदावर सही करणार नाही. माझ्या सहीशिवाय तो चालत नाही, त्यामुळे अबाये, तुम्ही केलीत तरी ती वाया जाईल. उद्या सकाळी केंद्राचं दार उघडायच्या आत मी तक्रार घेऊन तिथे पहिली उभी राहणार आहे. माझ्यामागे फ्रेहिवोत असेल, मी तिला सांगून आले आहे. खालचा रकाना पालकाच्या सहीचा आहे, तुम्ही दोघांपैकी ज्याला मी कधी जन्मले ते आठवत असेल त्याने तिथे सही करा. शुक्रवारपर्यंत मी घरी फक्त झोपायला येईन. आणि यादीत माझं नाव आलं तर ते पागुमेच्या तीन तारखेसकट येईल, नाहीतर मी यंदा परीक्षेला बसणार नाही."